चौथीच्या वर्गातला आजा

हेडबाईंचा फोन आला तेव्हा श्रुतिका घावनाचा पहिला तुकडा चटणीत बुडवत होती.

"श्रुतिका, असशील तशी ये. चौथीच्या वर्गात कोंबडी आहे."

"चित्रातली?"

"चित्रातली असती तर मी फोन कशाला केला असता? जिवंत आहे. आत्ता गणिताच्या तासाला अंडं घातलंय तिने."

श्रुतिकाची आई पलीकडून ऐकत होतीच. मुंबईत येऊन चाळीस वर्षं झाली तरी तिच्या तोंडची मालवणी तसूभर हललेली नव्हती. "कोंबडी गावली तर तुका कित्याक बोलावतत?" ती म्हणाली. "वडे करूक घेवा म्हणान सांग!"

श्रुतिका परब मुलुंडला राहायची आणि एका संस्थेतर्फे उपनगरातल्या चार शाळांत समुपदेशक म्हणून जायची. मुलांशी बोलायचं, त्यांच्या मनात काय खुपतंय ते शोधायचं, असं तिचं काम. आईच्या मते हा पोरांशी खेळायचा पगार होता. तीन महिन्यांपूर्वी श्रुतिकाने मुलांच्या मनावरच्या आघातांवर तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. जाडजूड फाइल मिळाली होती, प्रमाणपत्र मिळालं होतं, आठ चेहऱ्यांचा एक रंगीत तक्ता मिळाला होता. कोंबडीचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता.

अंधेरीची ती शाळा लहानशी होती. चौथीला शिक्षिका मिळालेली नव्हती, त्यामुळे हेडबाई शर्मिष्ठा प्रधान ऑफिस सांभाळून चौथीही शिकवत. श्रुतिका पोचली तेव्हा बाई फाटकातच उभ्या होत्या.

"राधा वरठा," त्यांनी सुरुवात केली. "आधी दप्तरात वरवंटा आणला. मग रेडिओ. मग आईची लग्नातली साडी. मी काही बोलले नाही. आता कोंबडी. पुढच्या आठवड्यात काय, म्हैस?"

वर्गात मात्र आनंदीआनंद होता. बेचाळीसपैकी बेचाळीस हजर. केयूर नावाचा एक चष्मेवाला मुलगा बाकावर उभा राहून कायदा समजावत होता, की अंडं शाळेच्या आवारात घातलं असल्यामुळे ते शाळेचं आहे. तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची, काटकुळी राधा शांत बसली होती. दप्तराच्या तोंडातून एक तांबडी मान बाहेर डोकावत होती. डोक्यावरची पिसं विस्कटलेली. तिचं नाव झिपरी.

श्रुतिकाने दोघींना समुपदेशन कक्षात नेलं. कक्ष म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. लेझमींच्या ढिगाशेजारी दोन खुर्च्या. तिने तक्ता उघडला. "राधा, ह्यातला कुठला चेहरा तुला आपला वाटतो?"

राधाने तक्ता नीट पाहिला. "ह्याची दाढ दुखतेय," ती म्हणाली. "ह्याला झोप आलीये. आणि ही हेडबाई."

रागावलेल्या चेहऱ्यावर तिचं बोट होतं. श्रुतिकाला हसू आवरेना. तक्ता मिटून तिने सरळच विचारलं, "झिपरीला घरी का नाही ठेवलंस गं?"

"घरी ठेवलेलं राहत नाय."

"म्हणजे? कुठे जातं?"

राधाने झिपरीची मान दप्तरात दाबली, चेन अर्धी ओढली आणि विचारलं, "ताई, मी जाऊ? भागाकार राहिलाय."

दुसऱ्या दिवशी श्रुतिका राधाच्या घरी गेली. शाळेमागच्या नाल्यापलीकडे एक सात मजली इमारत होती, तिच्या अगदी वरच्या मजल्यावर वरठा कुटुंब राहत होतं. वारली माणसं. सात महिन्यांपूर्वीपर्यंत ती जंगलाच्या कडेला, कुंभीच्या पाड्यात राहत होती. रस्त्याचं काम आलं, पाडा गेला, खोल्या मिळाल्या, एवढं श्रुतिकाला ठाऊक होतं. घरी फक्त राधाचा आजा होता. धोंडू वरठा. सत्तरीचा, सडपातळ, तोंडात मोजून चार दात. दारात उंबऱ्यावर बसून तो सुतळी वळत होता.

श्रुतिकाने पॅडवर फॉर्म लावला. "आजोबा, थोडी माहिती हवी होती. नाव?"

"राजेश," आजा म्हणाला.

"वय?"

"एकवीस."

श्रुतिकाने वर बघितलं. आजा सुतळीत गर्क होता. "घरात माणसं किती?"

"सतरा. आणि एक वाघ."

"वाघ?" श्रुतिकाने आत डोकावून पाहिलं. "कुठेय?"

"कामाला गेलाय."

तेवढ्यात जिन्यातून राधाची आई आली. सुनंदा एका कंपनीच्या ऑफिसात साफसफाईचं काम करायची, सकाळची पाळी संपवून परतत होती. नवरा टेम्पोवर, तो अंधार पडल्यावरच यायचा. सासऱ्याचं शेवटचं वाक्य ऐकून ती हसायला लागली. "मॅडम, तो कागद आधी पिशवीत घाला बघू. कागद दिसला की आजा असाच सुटतो."

"का पण?"

सुनंदाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खाली बसली. हसू गेलं नव्हतं, पण आवाज उतरला. "पाड्यात असेच कागदवाले आले होते. दोन वेळा. नाव, वय, माणसं, कोंबड्या, झाडं, सगळं खरं खरं सांगितलं आम्ही. आजाने तर फणसाची झाडं स्वतः मोजून दिली. मग म्हणाले, परीक्षा झाल्यावर बघू, आत्ता काय नाय. परीक्षेला महिना होता. एका मंगळवारी राधा शाळेत गेली आणि यंत्र आलं. दुपारी पोरगी परत आली तर..." तिने हात सपाट फिरवला. "तिने घर शोधलं, मॅडम. तिला वाटलं वाट चुकली. मागे जाऊन पुन्हा आली. कोंबड्यांमधली एकटी झिपरी वाचली, फणसावर चढून बसली होती म्हणून. तिची सहा पिल्लं टोपलीखाली झाकलेली होती."

श्रुतिकाने पॅड पिशवीत घातलं. घरी ठेवलेलं राहत नाय. मुलीने पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं आणि आपण दाढ दुखणाऱ्या माणसाचा तक्ता धरून बसलो होतो.

"आता मी विचारू?" आजा अचानक म्हणाला. "तू कागद भरतेस, मी बिनकागदाचा विचारतो. बाय, तुला भ्या कशाचं वाटतं?"

शिबिरात सांगितलं होतं की स्वतःविषयी बोलू नये. श्रुतिकाने क्षणभर विचार केला. "लिफ्टचं," ती म्हणाली. "आत्तापण सात मजले चढूनच आले."

आजाचे चारही दात दिसले. "मीपण! पेटीत घालून वर ओढतात, मढं हाय का मी?" त्याने सुतळी बाजूला टाकली. "चल, तुला खाली सोडतो."

दोघं सात मजले गप्पा मारत उतरली. चौथ्या मजल्यावर तिला त्याचं खरं नाव कळलं, दुसऱ्यावर खरं वय.

पुढच्या सोमवारी पुन्हा हेडबाईंचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज अगदी शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आज तिने आजोबा आणलेत," त्या म्हणाल्या.

शेवटच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन, धोंडू आजा बसला होता. धुवट सदरा, डोक्याला टोपी. झिपरी नव्हती. राधाने घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू निवडली होती आणि दप्तरात मावत नसल्यामुळे हाताला धरून आणली होती.

हेडबाई श्रुतिकाला ऑफिसात घेऊन गेल्या. "हे नियमात बसत नाही. मी त्यांना उठवणार."

"बाई, बसू द्या ना त्यांना."

"किती दिवस?"

"राधा सांगेल तोवर."

"राधा? नऊ वर्षांची पोर मला सांगणार, माझ्या वर्गात कोण बसेल ते?" बोलता बोलता बाई स्टुलावर चढल्या. हजेरीपट घ्यायचा होता. शाळेची सगळी रजिस्टरं कपाटाच्याही वर, छताला टेकून रचलेली होती.

श्रुतिकाने स्टूल धरलं. "बाई, रजिस्टरं कपाटात का नाही ठेवत?"

"तू लहान असशील तेव्हा. दोन हजार पाचचा पूर." बाई वरूनच बोलत होत्या. "एवढं एवढं पाणी होतं या खोलीत. तीस वर्षांची रजिस्टरं लगदा झाली. मी हाताने काढली ती. तेव्हापासून मी खाली काही ठेवत नाही."

"पण नंतर परत पाणी कधी शिरलं?"

"कधीच नाही."

"तरी?"

"तरी काय तरी! ज्याने लगदा काढलाय त्याला..." बाई थांबल्या. हजेरीपट हातात, डोकं पंख्यापासून वीतभर अंतरावर. श्रुतिकाला वाटलं, चक्कर आली की काय.

"त्या मंगळवारी ती माझ्याच शाळेत होती ना," बाई अखेर म्हणाल्या. "पाडा गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी काय केलं माहितीये? रजिस्टरमधला पत्ता बदलला. छान अक्षरात." त्या सावकाश खाली उतरल्या. "बसू दे म्हाताऱ्याला. पण विडी ओढायची नाही, सांग."

आजा अकरा दिवस चौथीत होता. पहिल्या दिवशी तो झोपला आणि घोरला. दुसऱ्या दिवशी जागा राहिला आणि तेच जास्त अवघड गेलं. भिंतीवर झाडांचा विकतचा तक्ता होता. लाल फुलांच्या एका झाडाखाली 'पळस' छापलं होतं. आजा उठला, जवळ जाऊन बघून आला आणि म्हणाला, "हा पांगारा हाय." बाई म्हणाल्या, छापलंय ते बरोबरच असणार. आजा म्हणाला, छापणाऱ्याला पांगाऱ्याचा काटा टोचला नसेल. मग बाईंनी मोबाइलवर बराच वेळ शोधलं, घसा खाकरला आणि केयूरला तक्त्यावर कागद चिकटवायला सांगितला. त्या दिवसापासून मुलं काहीही झालं की आजाकडे बघायला लागली. भागाकार त्याला येत नव्हते, पण उत्तर चुकलेल्या मुलाला तो हळूच म्हणायचा, "मलापण तेवढंच वाटलं होतं," आणि ते मूल पुन्हा वही उघडायचं. मधल्या सुट्टीत तो गोट्या खेळला आणि जिंकलेल्या गोट्या कुणाला परत दिल्या नाहीत. आजा कुणाच्या बाकावर बसणार यावरून भांडणं सुरू झाली.

श्रुतिका दर दोन दिवसांनी यायची. राधाला ती काही विचारत नसे. दोघी लेझमींच्या खोलीत बसून चिंचोके खेळत. राधा पाड्याबद्दल बोलायची, पण तुकड्यातुकड्याने, मनात येईल तेव्हा. कुडाच्या भिंतीला हात लावला की कसा गार लागायचा. पावसाळ्यात काकडीचा वेल छपरावर कसा चढायचा. मंगळवारापाशी आली की थांबायची. श्रुतिकाही थांबायची आणि म्हणायची, "डाव तुझा."

अकराव्या दिवशी राधाच रागावून खोलीत आली. "ताई, आजाला घरी जायला सांगा ना! आज कवितेच्या वेळी माझ्याआधी हात वर केला. सगळे त्याच्याशीच बोलतात. केयूर म्हणतो, तू कोण, तर आजाची नात!"

श्रुतिकाने चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. "मग सांग ना त्यांना. पण तू शाळेत असशील, ते घरी. चालेल तुला?"

राधाने बराच वेळ चिंचोके मोजल्यासारखे केले. "मधल्या सुट्टीत फोन करायचा. आजाने उचलायचा. लगेच."

असं ठरलं. आजा थोडा नाराज झाला, त्याच्या गोट्या चांगल्या चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा ऑफिसात फोनपाशी तिघी उभ्या होत्या. राधाने नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा वाजत राहिली. तिसऱ्यांदा श्रुतिकाने आपल्या मोबाइलवरून लावला.

कोणी उचलला नाही.

राधा रडली नाही. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, वर्गात जाऊन दप्तर पाठीला लावलं आणि फाटकाकडे चालू लागली. चेहरा असा, की जणू हे होणार हे तिला माहीतच होतं. वॉचमनने हात आडवा केला.

"सोड तिला," हेडबाई मागून ओरडल्या. "श्रुतिका, जा तिच्याबरोबर. नाही, थांब, मीपण येते." चौथीचा वर्ग शिपायाच्या ताब्यात देऊन, पर्स न घेता, बाई निघाल्या. पस्तीस वर्षांत त्या शाळेच्या वेळात पहिल्यांदाच फाटकाबाहेर पडत होत्या.

नाल्यावरचा पूल, इमारत, जिना. लिफ्टकडे राधाने पाहिलंही नाही. तिसऱ्या मजल्यावर बाईंचे गुडघे बोलायला लागले. "तुम्ही व्हा पुढे," त्या कठड्याला धरून म्हणाल्या, आणि तरी मागून येत राहिल्या. सातव्या मजल्यावर वरठांच्या दाराला कुलूप होतं.

राधा त्या कुलपाकडे बघत उभी राहिली. श्रुतिका तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. "मी इथेच आहे," एवढंच ती म्हणाली.

आणि मग वरून, गच्चीतून, ठोकल्याचा आवाज आला. त्यामागोमाग कोंबडीची कुरकुर.

आजा उघड्या अंगाने गच्चीत बांबू बांधत होता. रंगाच्या चार रिकाम्या डब्यांत त्याने तोंडली लावली होती आणि वेलांसाठी मांडव उभारत होता. फोन खिशात होता, खिसा सदऱ्याला होता आणि घामेजलेला सदरा गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला टाकीच्या नळावर वाळत होता.

"आलीस?" तो खुशीत म्हणाला. "सुटली शाळा?"

राधाने दप्तर काढून जमिनीवर आपटलं.

"फोन उचलायचा होता!" ती ओरडली. नऊ वर्षांच्या त्या काटकुळ्या देहातून असा आवाज निघाला की झिपरी उडून टाकीवर जाऊन बसली. "उचलायचा होता! तू बोलला होतास! तुम्ही सगळे बोलता काय नाय होणार, काय नाय होणार, आणि मी शाळेतून येते आणि..." पुढचे शब्द रडण्यात गेले. सात महिन्यांत ती पहिल्यांदा रडत होती. नाक, डोळे, हुंदके, पाय आपटणं, सगळं एकदम.

हेडबाई नुकत्या शेवटची पायरी चढून आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. श्रुतिकाने हळूच मान हलवली. बाईंनी तोंड मिटलं आणि श्वास घेत पाण्याच्या पाइपावर बसकण मारली.

आजा मांडवाखालून बाहेर आला. नातीसमोर उकिडवा बसला. बराच वेळ त्याने तिला रडू दिलं. मग म्हणाला, "पोरी, तुला एक सांगायचं हाय. त्या मंगळवारी मला सकाळीच कळलं होतं. यंत्र रस्त्याला येऊन उभं होतं. मी बघितलं. तरी तुला शाळेत धाडलं. वाटलं, पोरीने बघू नये."

राधाचा हुंदका मध्येच अडकला. "तुला माहीत होतं?"

"हां."

"मला सांगायचं होतं ना, आजा! मी पिल्लं दप्तरात घेतली असती. सहाच तर होती. मावली असती."

आजाने मान खाली घातली. "मावली असती," तो म्हणाला. "चुकलो मी."

श्रुतिकाच्या ओठांवर आलं होतं, की आता असं परत कधी होणार नाही. तिने ते गिळलं. तसं कोणी तिला लिहून दिलेलं नव्हतं.

"परत असं होईल का नाय, मला ठाऊक नाय," आजाच म्हणाला. "पण मला जे कळेल ते तुला त्याच दिवशी कळेल. शाळेत येऊन सांगीन. बाई आत घेतील ना?"

"घेईन की, न घ्यायला काय झालं," पाइपावरून हेडबाई म्हणाल्या. मग राधाकडे पाहून, "आणि मला काही कळलं तर मीही सांगेन. लपवणार नाही. मागच्या वेळी मी तुला साधं विचारलंही नव्हतं गं. तेपण चुकलंच."

राधाने बाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी चूक कबूल करणं तिने कधी ऐकलं नव्हतं; ती इतकी चकित झाली की रडायची थांबली. नाक फ्रॉकला पुसलं. मग आजाकडे वळून म्हणाली, "सदरा इथे वाळत घालायचा. तुझ्या जवळ."

"घालतो."

"आत्ता."

आजा निमूटपणे उठला आणि सदरा घेऊन आला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर चौथीला एकही तास झाला नाही. सुनंदा कामावरून आली तर गच्चीत हेडबाई अनवाणी बसून सुतळीला गाठी मारत होत्या, आणि आजा त्यांना सांगत होता की गाठ चुकतेय. तिने सगळ्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. बाई शाकाहारी होत्या. त्यांनी भाकरी मिठाबरोबर खाल्ली आणि दुसरी मागितली.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. महिनाभर फोन रोज होत राहिला, मग एक दिवसाआड. परीक्षेच्या आठवड्यात वरवंटा दोनदा दप्तरातून शाळेत आला. कोणी काही बोललं नाही. श्रुतिकाने संस्थेला अहवाल पाठवला. 'कौटुंबिक सहभाग' या रकान्यात तिने लिहिलं: आजोबा, अकरा दिवस, पूर्ण हजेरी. संस्थेने उलट विचारलं की आकड्यात चूक आहे का. फॉर्म घेऊन घरी जाणं तिने बंद केलं. आधी चहा घ्यायचा, दोनचार वेळा जायचं, कागद लागलाच तर समोरच्यालाच वाचून दाखवायचा. आईने विचारलं, "आता तरी कामाक लागलस काय?" श्रुतिका म्हणाली, "नाही गं, अजून खेळतेच आहे."

मार्चमध्ये शाळेची रंगरंगोटी निघाली. चौथीचा वर्ग रिकामा करून मुलांना पंधरा दिवस वरच्या मजल्यावर बसवायचं होतं. हेडबाईंनी दोन दिवस आधीच वर्गात सांगितलं: गुरुवारी बाकं इथे नसतील, ती वर असतील, भिंती उघड्या दिसतील, पंधरा दिवसांनी आपण परत इथेच येऊ. सांगताना त्या तिसऱ्या बाकाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या.

राधाने हात वर केला. "बाई, माझं बाक कोण उचलणार?"

"दोन माणसं येणार आहेत. बुधवारी शाळा सुटल्यावर. तुला बघायचं असेल तर थांब."

राधाने थोडा विचार केला. "नको," ती म्हणाली. "बुधवारी आमची कबड्डी आहे."

आणि घंटा झाली तशी ती डबा घेऊन बाहेर पळाली.